जुन्या मोटारसायकलचा धूर: इंजिन खोलण्याआधी करायची तपासणी

आमच्या घरी १९९९ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. काही वर्षांपूर्वी ती सकाळी सुरू करताना निळसर धूर सोडू लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये धूर पाहताक्षणी ‘बोअर गेला’, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडरचा गाळा झिजला, असे निदान झाले. ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा ओतीव भाग, लेथवाल्याकडे गेला, नवा पिस्टन आणि नव्या रिंगा बसल्या, पैसेही गेले. सकाळचा धूर मात्र तसाच राहिला. पुढे हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवल्यावर कळले की दोष वॉल्व्हच्या दांड्यावरील रबरी सीलमध्ये होता आणि ब्लॉकला हात लावण्याची गरजच नव्हती. धुराचा रंग सगळ्यांनी पाहिला होता, पण तो नेमका केव्हा येतो हे कोणी विचारले नव्हते आणि मीही सांगितले नव्हते. रंगावरून दोषाचे घराणे कळते, पण त्या घराण्यातला नेमका सुटा भाग बहुतेक वेळा धूर येण्याच्या वेळेवरूनच कळतो. म्हणून या लेखातील क्रम रंगापासून सुरू होत असला तरी त्याचा मुख्य भर वेळेवर आहे.

येथे मी प्रामुख्याने हवेने थंड होणाऱ्या, कार्बोरेटर असलेल्या, एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक गाड्यांचा विचार केला आहे. स्प्लेंडर, सीडी १००, सुरुवातीच्या पल्सर आणि बुलेट या त्यातल्याच. आरएक्स १०० सारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा हिशोब वेगळा असल्यामुळे त्यांच्याविषयी शेवटी स्वतंत्रपणे लिहिले आहे.

पहिली पायरी: धूर नीट पाहणे

गाडी रात्रभर उभी राहिलेली आणि इंजिन पूर्ण थंड असताना तपासणी सुरू करावी. जागा मोकळी हवी. बंद पार्किंगमध्ये किंवा शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. सायलेन्सरच्या मागे काळपट भिंत किंवा गर्द झाडी असेल अशा रीतीने गाडी मधल्या स्टँडवर लावावी. मोकळ्या आकाशाकडे पाहून निळा आणि पांढरा धूर वेगळा ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते.

गाडी सुरू करून पहिल्या मिनिटात काय दिसते ते पाहावे. त्यानंतर पाच-सात मिनिटांनी इंजिन तापल्यावर पुन्हा पाहावे. थ्रॉटल हलकेच वाढवून आणि सोडून पाहावे. शेवटी गाडी रस्त्यावर चालवून मागून येणाऱ्या मित्राला लक्ष ठेवायला सांगावे, कारण चालवणाऱ्याला स्वतःचा धूर आरशात क्वचितच नीट दिसतो. प्रत्येक वेळी रंग, प्रमाण आणि वास वहीत लिहून ठेवावा. ही नोंद पुढे मेकॅनिकशी बोलताना फार उपयोगी पडते.

रंगाबद्दल शंका राहिली तर सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर अंतरावर पांढरा कागद किंवा जुना सुती रुमाल मिनिटभर धरावा. नितळ पाण्याचे थेंब आले तर ती वाफ आहे. कोरडी काळी काजळी बसली तर पेट्रोल जास्त जात आहे. पिवळट-तपकिरी, बोटाला ओशट लागणारा डाग पडला, तर इंजिन ऑइल जळत आहे. सायलेन्सर काही मिनिटांतच चटका देण्याइतका तापतो, हे मात्र विसरू नये.

पांढरी वाफ: बहुधा काहीच करायचे नसते

एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास लिटरभर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असताना ते अदृश्य वाफेच्या रूपात निघून जाते, पण थंड सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब होतात आणि तोंडाशी पांढरा ढग दिसतो. कोकणातल्या पावसाळी सकाळी किंवा डिसेंबरात नाशिककडे हे हमखास दिसते. ही वाफ दोन-चार फुटांतच विरते, तिला जळकट वास नसतो आणि काही किलोमीटर चालवल्यावर ती थांबते. सर्व्हिसिंगनंतर धुण्याचे पाणी सायलेन्सरमध्ये गेले असेल तरी असेच होते.

पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट फुटून कूलंट जळत आहे, असे इंटरनेटवर पुष्कळदा वाचायला मिळते. ते मोटारींच्या आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांच्या बाबतीत खरे आहे; स्प्लेंडर किंवा बुलेटमध्ये कूलंटच नसते, त्यामुळे त्या शक्यतेमागे लागू नये. तुमच्या गाडीला रेडिएटर असेल, तर मात्र कूलंटची पातळी कमी होते का आणि ऑइल दुधाळ झाले आहे का हे अवश्य पाहावे.

काळा धूर: स्वस्तातला दोष

काळ्या धुराचा अर्थ असा की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जात आहे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने त्याच्या १४.७ पट हवा लागते. हे प्रमाण बिघडले की अर्धवट जळलेला कार्बन काजळीच्या रूपात बाहेर पडतो, वासाने डोळे चुरचुरतात, ॲव्हरेज घसरते आणि प्लग काळा पडतो. इंजिन खोलण्याची गरज यात जवळपास कधीच पडत नाही.

सर्वांत आधी चोकचा खटका पूर्ण मागे गेला आहे का ते पाहावे, कारण तो अर्धवट अडकून राहणे ही नव्या चालकांच्या बाबतीत अगदी सामान्य गोष्ट आहे. त्यानंतर एअर फिल्टर काढून पाहावा. आपल्याकडच्या रस्त्यांवरील धुळीने तो ठरलेल्या मुदतीच्या आधीच भरतो. कागदी फिल्टर फार मळला असेल तर बदलावा. स्पंजचा फिल्टर धुऊन, वाळवून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ऑइल लावून पिळून बसवावा. स्पंजमध्ये ऑइल जास्त राहिले तर तेच आत ओढले जाऊन धूर येतो.

फिल्टर स्वच्छ असूनही धूर येत असेल तर कार्बोरेटरकडे वळावे. पेट्रोलचा कॉक चालू ठेवल्यावर ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब गळत असतील, तर फ्लोटची, म्हणजे कार्बोरेटरमधील तरंगत्या भागाची, सुई पेट्रोल रोखत नाही, असे समजावे. आणखी एक सोपी परीक्षा आहे. तापलेले इंजिन स्लोवर, म्हणजे थ्रॉटल न देता, चालू असताना कॉक बंद करावा. पेट्रोल संपत येता येता, बंद पडण्याच्या जरा आधी, इंजिन एकाएकी सुरळीत चालू लागले तर मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले, होते हे निश्चित. मग फ्लोटची उंची, सुई, जेट आणि जेटमध्ये वरखाली होणारी थ्रॉटलची सुई झिजली आहे का, हे तपासून घ्यावे. बाहेरचा स्क्रू फिरवून सगळे ठीक होईल अशी समजूत असते, परंतु तो केवळ स्लोच्या मिश्रणापुरता असतो. शिवाय तो फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने मिश्रण पातळ होते आणि इंजिनाच्या बाजूला असेल तर जाड होते. त्यामुळे आपला स्क्रू कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे आणि मूळ जागा मोजून ठेवल्याशिवाय त्याला हात लावू नये.

गळक्या फ्लोटचा एक परिणाम काळ्या धुरापेक्षा गंभीर आहे. कॉक रात्रभर चालू राहिला तर पेट्रोल सिलिंडरमार्गे खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले आणि त्याला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरू न करता ऑइल बदलावे आणि आधी फ्लोट दुरुस्त करावा. पातळ झालेले ऑइल बेअरिंगला आणि वॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला वाचवू शकत नाही.

निळा धूर: येथे घाई करू नये

निळसर, जळक्या ऑइलच्या वासाचा, हवेत रेंगाळणारा धूर म्हणजे गाडी ऑइल खात आहे. दुरुस्तीचा मोठा खर्च येथेच होतो आणि चुकीची निदानेही येथेच होतात, म्हणून या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे.

पहिले काम ऑइलची पातळी मोजण्याचे. इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, दोन-तीन मिनिटे थांबावे, गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी ठेवावी. स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक पुसून, आट्यांत न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहायची असते. ती फिरवून बसवल्यास पातळी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते. काही गाड्यांना त्याऐवजी काचेची खिडकी असते. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेले असेल, तर जादा ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीतून फिल्टरच्या डब्यात आणि तेथून इंजिनात जाऊन निळा धूर होतो. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या धुराचे कारण अनेकदा एवढेच असते आणि जादा ऑइल काढून टाकले की काम होते. गाडी आडवी पडून उचलल्यावर येणारा धूरही असाच थोड्या वेळाचा असतो.

पातळी बरोबर असूनही धूर असेल, तर आता वेळ पाहायची. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू करताना निळा लोट येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात थांबतो, दिवसभर मग धूर नाही, असे असेल तर संशय वॉल्व्ह सीलवर घ्यावा. हेडमध्ये साचलेले ऑइल कडक झालेल्या रबरी सीलमधून रात्री हळूहळू खाली झिरपते आणि सकाळी जळून जाते. याची खात्री करायला घाट उत्तम. कोयनेकडून चिपळूणच्या दिशेने कुंभार्ली घाट उतरताना थ्रॉटल पूर्ण सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून काही अंतर यावे आणि खाली सरळ रस्ता लागताच थ्रॉटल द्यावा. उतारावर थ्रॉटल मिटलेला असल्यामुळे सिलिंडरमध्ये जोराची ओढ निर्माण होते, ती इनलेट वॉल्व्हच्या दांड्यालगतचे ऑइल खेचते आणि थ्रॉटल उघडताच ते एका मोठ्या निळ्या ढगाच्या रूपात बाहेर पडते. मागच्या गाडीवरील मित्राने हा ढग पाहिला तर सील किंवा वॉल्व्हची गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) सैल आहे, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

याउलट चढावर, दोघे बसलेले असताना, थ्रॉटल जितका द्यावा तितका निळा धूर वाढत असेल आणि इंजिन तापल्यावरही तो थांबत नसेल, तर रिंगा आणि बोअर यांच्याकडे पाहावे. अशा वेळी गाडीची ओढही कमी झालेली असते. ब्रीदरची नळी फिल्टरच्या डब्याकडून सोडवून तिचे तोंड रिकाम्या बाटलीत धरावे. त्यातून ठसक्यांनी धूर आणि ऑइलचा फवारा येत असेल, तर ज्वलनाचा दाब रिंगा ओलांडून खाली उतरत आहे.

ही निरीक्षणे झाल्यावर प्लग काढावा. चांगल्या स्थितीतील प्लग बिस्किटी रंगाचा असतो. कोरडा काळा प्लग जाड मिश्रणाचा, तर ओला, चकाकता काळा प्लग ऑइलचा. गाडी रस्त्यावर नेहमीच्या वेगाने चालवून, इंजिन तिथल्या तिथे बंद करून काढलेला प्लगच खरे सांगतो. सिग्नलवर बराच वेळ स्लोवर उभ्या राहिलेल्या गाडीचा प्लग उगाच काळा दिसतो.

त्यानंतर कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाची, चाचणी. गेज स्वतःकडे नसेल तर चांगल्या गॅरेजमध्ये असतो. इंजिन तापलेले, चोकचा खटका पूर्ण मागे, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्लगच्या जागी गेज, अशा स्थितीत काटा वाढायचा थांबेपर्यंत पाच-सात किका माराव्या आणि आकडा लिहून घ्यावा. प्लगची टोपी दुसऱ्या प्लगला लावून तो इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवावा, मात्र प्लगच्या भोकापासून दूर, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते. आता प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजावे. ऑइलने रिंगांच्या कडेची फट तात्पुरती बुजते. त्यामुळे आकडा ठळकपणे वाढला तर रिंगा-बोअर झिजले आहेत. आकडा कमीचा कमीच राहिला तर वॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गॅस्केटमधून गळती आहे. योग्य आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, तो आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा.

या चाचणीची एक मर्यादा समजून घेणे फार आवश्यक आहे. पिस्टनवरील तीन रिंगांपैकी वरच्या दोन दाब धरून ठेवतात आणि तिसरी बोअरच्या भिंतीवरील ऑइल खरवडून खाली पाठवते. ऑइल वेळेवर न बदलल्याने ही तिसरी रिंग काजळीत चिकटून बसली, तर कॉम्प्रेशन उत्तम आणि धूर भरपूर, अशी स्थिती होते. वॉल्व्ह सील खराब असले तरीही कॉम्प्रेशन चांगलेच येते. तेव्हा चांगला आकडा पाहून ‘इंजिनात दोष नाही’ असे म्हणू नये आणि धूर पाहून ‘बोअरच गेला’ असेही म्हणू नये. आकडा आणि वेळ एकमेकांशेजारी ठेवून निर्णय करावा. आमच्या स्प्लेंडरचे कॉम्प्रेशन पहिल्याच दिवशी मोजले असते, तर ब्लॉक वाचला असता.

ऑइल किती जाते याचाही हिशोब ठेवावा. पातळी वरच्या खुणेवर आणून किलोमीटरचा आकडा लिहावा आणि दर ५०० किलोमीटरला पुन्हा पाहावे. १०० सीसीच्या गाडीत एकूण ऑइलच जेमतेम लिटरभर असते. त्यातले तीनशे मिलिलिटर नकळत गेले तर कॅम आणि रॉकरपर्यंत पुरेसे ऑइल पोहोचत नाही आणि धुराच्या लहान दुरुस्तीचे मोठ्या दुरुस्तीत रूपांतर होते.

बुलेटवाल्यांसाठी एक खास सूचना. जुन्या कास्ट आयर्न इंजिनात ऑइलची टाकी इंजिनाच्या ओतीव घरातच वेगळ्या कप्प्यात असते आणि गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की ऑइल पंपामधून क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) कप्प्यात झिरपते. त्यानंतर पहिल्यांदा सुरू केल्यावर येणारा दाट निळा धूर पाहून घाबरू नये. पंप ते ऑइल परत टाकीत नेईपर्यंत, काही मिनिटे, धूर येतो आणि थांबतो. या अवस्थेत डिपस्टिकवर ऑइल कमी दिसते म्हणून वरून भरू नये. आधी इंजिन चालवावे आणि मगच पातळी पाहावी.

दोन-स्ट्रोक गाड्यांचा धूर

आरएक्स १०० मध्ये टू-टी ऑइल पेट्रोलबरोबर जळणारच, त्यामुळे थोडा निळसर धूर हा तिचा स्वभाव आहे. तो एकाएकी वाढला तर ऑइल पंपाच्या केबलची जुळणी पाहावी. पंप नसलेल्या गाडीत पेट्रोलमध्ये किती ऑइल मिसळले जाते ते मोजावे. दाट पांढरट धूर येत असेल, वास गिअर ऑइलचा असेल आणि गिअर ऑइलची पातळी घटत असेल, तर क्लचच्या बाजूचे क्रँक सील गेले आहे. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूचे सील गेले तर धूर वाढत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाऊन मिश्रण पातळ होते, स्लो आपोआप चढतो आणि पिस्टन जाम होण्याचा धोका असतो.

दुरुस्ती सांगताना आणि झाल्यावर

दोष सीलमध्ये निघाला तर हेड उतरवताना गाइडही तपासून घ्यायला सांगावे. वॉल्व्ह गाइडमध्ये घालून आडवा हलवल्यावर जाणवण्याइतका खेळ असेल, तर नुसते नवे सील फार दिवस टिकत नाही. दोष रिंगा-बोअरमध्ये निघाला तर बोअर मोजल्याशिवाय लेथवर पाठवू नये. झीज मर्यादेत असेल तर होनिंग (बोअरची भिंत हलकी घासणे) करून त्याच मापाच्या नव्या रिंगा पुरतात. झीज जास्त असेल तर ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा पुढच्या मापाचा ओव्हरसाइझ पिस्टन लागतो, आणि प्रत्येक रीबोअरगणिक ब्लॉकचे आयुष्य एका पायरीने कमी होते. रिंगा बसवताना त्यांच्यावरील खूण वर आणि त्यांची तोंडे एका रेषेत न येता एकमेकींपासून दूर, हे स्वतः उभे राहून पाहावे. यात चूक झाली तर नव्या कामानंतरही धूर येतो.

धूर थांबवण्याचे म्हणून विकले जाणारे जाड ऑइल किंवा रसायन टाकू नये. त्याने धूर काही काळ झाकला जातो, झीज चालूच राहते. मोटारींसाठीचे घर्षण कमी करणारे ऑइल ओल्या क्लचच्या गाडीत टाकल्यास क्लच घसरू लागतो. डब्यावर जॅसो एमए असा निर्देश असलेले, पुस्तिकेतील श्रेणीचेच ऑइल वापरावे. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी याच कारणाने एक दक्षता घ्यावी. पाहायला गेल्यावर सुरू करण्याआधी इंजिनाला हात लावून पाहावा. ते आधीच कोमट असेल तर सकाळचा पहिला धूर तुम्हाला दिसलेलाच नाही, आणि तो पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये.

काम झाल्यावर पहिल्याच किकला निळा धूर दिसला म्हणून निराश होऊ नये. सायलेन्सरच्या आत आधीचे ऑइल साचलेले असते आणि ते जळून जायला गाडी चांगली तापेल असे काही प्रवास करावे लागतात. नव्या रिंगा बोअरवर बसेपर्यंतही थोडा धूर अपेक्षित आहे. पहिले ५०० किलोमीटर एकसारख्या वेगाने किंवा थ्रॉटल पूर्ण पिळून न चालवता ऑइल बदलावे आणि त्यानंतरच घाटाची परीक्षा पुन्हा घ्यावी.

दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची पीयूसीची पावतीही जपून ठेवावी. ती आपण केवळ दंड टाळण्यासाठी घेतो, पण त्यावरील दोन आकडे निदानाला मदत करतात. ३१ मार्च २००० नंतरच्या, भारत स्टेज ४ पूर्वीच्या चार-स्ट्रोक दुचाकीसाठी मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम अशी आहे. त्याआधीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के चालतो. पहिला आकडा चढलेला असेल तर कार्बोरेटर आणि फिल्टर पाहावा. पहिला ठीक आणि दुसरा चढलेला असेल तर प्लगची ठिणगी चुकत आहे किंवा ऑइल जळत आहे. नव्या पावतीवर दोन्ही आकडे खाली आलेले दिसले, डिपस्टिकची पातळी ५०० किलोमीटरनंतरही जागच्या जागी राहिली आणि थंड सकाळी पांढऱ्या रुमालावर ओशट डाग पडला नाही, की दोष खरोखर निघाला असे धरावे.